सिंगल फेजवर थ्री फेजचीं यंत्रें : सोय एकाची, भार सर्वांवर

गेल्या कांहीं महिन्यांत आपल्या संघाच्या अनेक सभासदांकडून एकाच आशयाची विचारणा आमचेकडे आली आहे. कोणी शहरांतील मोडीत निघालेल्या कारखान्यांतून राजकोट अगर बटाला बनावटीचा जुना लेथ स्वस्तांत आणिला आहे. कोणी ड्रिलिंग मशीन घेतलें आहे, कोणी तीन अश्वशक्तीची कडबाकुट्टी, तर कोणी पिठाची गिरणी. यंत्र वस्तीवर उतरलें, चौथरा बांधून झाला, नारळही फुटला; आणि मग ध्यानीं आलें कीं यंत्राची मोटार थ्री फेजची असून वस्तीवरचा वीजजोड मात्र सिंगल फेजचा आहे. आतां काय करावें, असा हा प्रश्न आहे. गांवच्या वायरमनास विचारलें तर तो "दोन कपॅसिटर टाका, काम भागतें" असें सांगून मोकळा होतो. आमच्या मतें हें उत्तर अर्धेंच खरें आहे. आणि राहिलेल्या अर्ध्याची किंमत केवळ त्या शेतकऱ्यास नव्हे, तर त्याच्या रोहित्रावरील सर्व शेजाऱ्यांस द्यावी लागते. म्हणून या प्रश्नाचा थोड्या विस्तारानें विचार करून आमचें मत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रारंभींच सांगितलें पाहिजे कीं, शेतकऱ्यानें वस्तीवर लहानसा कारखाना ठेवूं नये असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. पेरणीच्या ऐन दिवसांत पेरणीयंत्राचा एखादा फण वांकला किंवा ट्रॉलीचा हुक तुटला, तर तालुक्याच्या गांवीं जाऊन तो नीट करून आणण्यांत एक दिवस खर्ची पडतो. आणि जमिनीचा वाफसा कांहीं आपली वाट पाहत थांबत नाहीं. ज्याच्या घरीं भोंक पाडण्याचें, घासण्याचें व कांतण्याचें साधन आहे, त्याचा तो दिवस वांचतो. तेव्हां प्रश्न यंत्र असावें कीं नसावें हा नसून, तें कोणत्या रीतीनें चालवावें हा आहे.

त्यासाठीं थ्री फेज म्हणजे काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. जात्याचें उदाहरण घ्या. तिघीजणी जात्याभोंवतीं सारख्या अंतरावर बसल्या आणि एकीमागून एक अशा क्रमानें त्यांनीं खुंटा ओढला, तर वरचा दगड आपोआप एका दिशेनें फिरूं लागतो. उलट, एकटीच बाई खुंटा सरळ रेषेंत पुढें ढकलूं व मागें ओढूं लागली, तर दगड जागच्या जागीं थरथरतो, फिरत नाहीं. मात्र आरंभीं कोणीं बाजूनें हिसका देऊन त्यास फिरतें केलें, तर मग त्या पुढें-मागें ओढण्यावरही तो कसाबसा फिरत राहतो. थ्री फेजच्या मोटारींत तीन प्रवाह सेकंदास ५० वेळां असेच क्रमाक्रमानें येतात व लोहचुंबकाचें फिरतें क्षेत्र निर्माण करितात. या फिरत्या क्षेत्राची उपपत्ति फेरारिस व टेस्ला यांनीं १८८८ सालीं प्रसिद्ध केली व पुढच्याच वर्षीं दोलिवो-दोब्रोवोल्स्की यानें तीन फेजची साधी व दणकट मोटार तयार केली. आज आपल्या विहिरींवर चालणाऱ्या थ्री फेजच्या मोटारी तिच्याच वंशांतील होत.

अशा मोटारीस सिंगल फेज जोडला तर ती एकट्या बाईच्या जात्याप्रमाणें नुसती घुमते. फिरत नसल्यामुळें ती नेहमींच्या पांच-सहापट प्रवाह ओढते, व मुख्य तार वेळीं तोडली नाहीं तर थोड्याच वेळांत तिचें वाइंडिंग जळून वास सुटतो. चालत्या मोटारीचा एक फेज मध्येंच गेला, तर ती थांबत नाहीं. परंतु उरलेल्या दोन तारांतील प्रवाह पावणेदोनपटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक चढतो, व भार पूर्ण असेल तर तीही जळते. फेज गेल्याबरोबर मोटार बंद पाडणारें सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नांवाचें उपकरण प्रत्येक स्टार्टरांत असावें, असें आम्ही सांगत आलों आहों तें याचसाठीं.

आतां सिंगल फेजवर काम भागविण्याचे मार्ग पाहूं. पहिला व सर्वांत सरळ मार्ग म्हणजे मोटारच बदलणें. दोन-तीन अश्वशक्तीपर्यंतच्या सिंगल फेजच्या मोटारी बाजारांत सहज मिळतात. एकच यंत्र असेल, त्याची गति बदलावयाची नसेल, व पट्टा आणि पुली बसविण्यास जागा असेल, तर जुनी मोटार विकून नवीन घेणें हेंच शहाणपणाचें होय. कडबाकुट्टी व घरगुती गिरणी यांस हा मार्ग उत्तम. कित्येक गृहस्थ मोटार 'आयतीच आली आहे' म्हणून ती टाकवत नाहींत, व तिला चालविण्याच्या खटाटोपांत नव्या मोटारीच्या दुप्पट पैसे घालवितात.

दुसरा मार्ग कपॅसिटरचा. तो खोटा नाहीं. पण त्याच्या मर्यादा फार आहेत. मोटारीचें वाइंडिंग २३० व्होल्टवर डेल्टा पद्धतीनें जोडतां येत असेल, तर दर किलोवॅटास सुमारें ७० मायक्रोफॅरडचा कायम चालणारा कपॅसिटर लागतो. आणि सुरू करण्यापुरता आणखी एक मोठा कपॅसिटर लागतो, जो मोटार गतीस येतांच सुटला पाहिजे. इतकें करूनही मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या शक्तीच्या सुमारें दोन-तृतीयांशच काम मिळतें, व सुरुवातीचा जोर त्याहूनही कमी. शिवाय कपॅसिटरनें तिन्ही वाइंडिंगांतील प्रवाह समतोल होतो तो एकाच ठराविक भारावर. लेथाचा भार तर क्षणोक्षणीं बदलतो; कांतणें थांबवून मोटार नुसतीच फिरत ठेविली तरी एखादें वाइंडिंग तापत राहतें. स्वस्तांतला कपॅसिटर फुटतो, आणि वीज बंद केल्यावरही त्यांत भार शिल्लक राहून हात लावणाऱ्यास जबर धक्का बसतो, हें निराळेंच.

तिसरा मार्ग व्हीएफडी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पेटीचा. ही पेटी सिंगल फेज घेऊन तिच्यांतून खरोखरीचा तीन फेजचा प्रवाह बाहेर देते, मोटार हळूहळू सुरू करिते व तिची गतिही कमीजास्त करूं देते. तीन अश्वशक्तीपर्यंतच्या लेथास व ड्रिलिंग मशीनास आमच्या मतें हाच उत्तम मार्ग होय. मात्र कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. एका यंत्रास एक पेटी असावी. पेटी व मोटार यांच्यामध्यें खटका ठेवून तो चालत्या यंत्रावर उघडूं नये. मोटारीच्या बाजूस कपॅसिटर मुळींच लावूं नये. लोखंडाचा कीस पेटींत जाणार नाहीं अशा ठिकाणीं ती बसवावी. आणि मोटार फार मंद गतीनें दीर्घकाळ चालवूं नये, कारण तिला गार ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर असल्यामुळें गति कमी झाली कीं वाराही कमी पडतो.

चौथा मार्ग रोटरी कन्व्हर्टरचा. यांत एक मोठी थ्री फेजची मोटार सिंगल फेजवर रिकामी फिरत ठेवितात, व ती फिरतां फिरतां तिसरा फेज निर्माण करिते. त्यावर इतर यंत्रें चालतात. कारखान्यांत चार-पांच यंत्रें असतील तर ही युक्ति सोयीची पडते. रिकामी फिरणारी मोटार सर्वांत मोठ्या यंत्राच्या मोटारीहून मोठी, जड सुरुवात असल्यास दीडपट तरी, घ्यावी लागते. अमेरिकेंतील खेड्यांतून पुष्कळ ठिकाणीं सिंगल फेजचीच लाइन असल्यामुळें तेथील शेतकरी अशीं यंत्रें दीर्घकाळ वापरीत आले आहेत.

या सर्व मार्गांत आमचे बंधु एक गोष्ट हटकून विसरतात, ती म्हणजे मोटारीवरील पट्टी वाचणें. आपल्याकडे सिंगल फेजचा दाब २३० व्होल्ट, तर थ्री फेजच्या दोन तारांमधील दाब ४०० ते ४१५ व्होल्ट असतो. साधा कपॅसिटर, साधी व्हीएफडी पेटी अगर साधा रोटरी कन्व्हर्टर फेज तीन करील, पण दाब वाढविणार नाहीं. पट्टीवर २३० डेल्टा व ४०० स्टार असे दोन्ही आंकडे असतील तर मोटार डेल्टांत जोडून काम होतें. आंत स्टार बांधून तीनच तारा बाहेर काढलेल्या लहान मोटारी पुष्कळ असतात. त्यांच्या सहा तारा जाणत्या वाइंडरकडून बाहेर काढून घ्याव्या लागतात. आणि पट्टीवर नुसतें ४१५ डेल्टा असेल, तर २३० व्होल्टवर त्या मोटारीचा जोर सुमारें एक-तृतीयांश उरतो. तिच्यासाठीं दाब वाढविणारें रोहित्र घ्यावें, वाइंडिंग बदलावें, किंवा तिचा नाद सोडावा. यंत्र विकत घेण्यापूर्वीं ही पट्टी वाचली तर पुढचा निम्मा त्रास वांचेल.

येथवर एकट्याच्या सोयीचा विचार झाला. परंतु आमचा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. 'तिसरा फेज तयार केला' असें आपण म्हणतों, तेव्हां फेज तयार होतो. वीज तयार होत नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार ? तीन तारांनीं यावयाचें काम आतां एकाच तारेनें आणावें लागतें, एवढाच त्याचा अर्थ. तीन अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर थ्री फेजवर दर तारेंत सुमारें ५ अँपिअर घेते. तेवढेंच काम सिंगल फेजवर करावयाचें तर एकाच तारेंतून १५ अँपिअर आले पाहिजेत. साध्या व्हीएफडी पेटीस तर हा आंकडा २० च्या पुढेंही जातो. आणि थ्री फेजचा भार समतोल असल्यास न्यूट्रल तारेंतून जवळजवळ कांहींच वाहत नाहीं. सिंगल फेजचा सर्व प्रवाह मात्र न्यूट्रलमधूनच परत जातो. म्हणजे प्रवाह तिप्पट, आणि तारेची लांबी जातां-येतां दुप्पट. न्यूट्रल इतर तारांइतकीच जाड धरली तरी दाबांतील घट सहापट होते, आणि तारा तापून फुकट जाणारी वीजही सहापट. हा हिशेब कोणाही जाणत्या वायरमनाकडून तपासून घ्यावा.

ही सहापट घट कोणाच्या अंगावर पडते ? लेथ चालविणाऱ्याच्या एकट्याच्या नव्हे. त्याच फेजवर ज्याचें घर आहे त्याचा दिवा मंदावतो, त्याचा फ्रीज घुमूं लागतो, त्याच्या मुलाचा अभ्यास खोळंबतो. न्यूट्रल तार कोठें सैल असेल तर एका घरीं दाब घटतो व दुसऱ्या घरीं तो भलताच चढून उपकरणें जळतात. रोहित्राचीं तीन वाइंडिंगें असतात; दोन रिकामीं व एक भाराखालीं दबलेलें, अशी स्थिति झाली कीं तेलही तापतें व शेवटीं तें रोहित्र जळतें. कागदावर त्याची शक्ति शिल्लक असते, पण बैलजोडींतील एका बैलाच्याच मानेवर सगळें जूं ठेविलें तर दुसऱ्याच्या अंगांतील बळ काय कामाचें ?

विहिरीवरील पंपांच्या बाबतींत तर हा अनर्थ आम्ही डोळ्यांनीं पाहिला आहे. कृषिवाहिनीवर थ्री फेजचा पुरवठा आळीपाळीनें ठराविक तासच असतो, व ज्या वाहिन्यांवर वस्त्यांचे दिवेही आहेत तेथें उरलेल्या वेळीं दिव्यांपुरता सिंगल फेज ठेवण्याची पद्धति पडली. या उरलेल्या वेळांत कपॅसिटर जोडून पांच-पांच, साडेसात-साडेसात अश्वशक्तीचे पंप चालविण्याची चाल खेडोपाडीं पसरली. एकानें केलें म्हणून दुसऱ्यानें केलें. एका रब्बी हंगामांत आमच्याच शिवारांतील रोहित्र अशा रीतीनें जळालें. गहू ओंबीवर आला होता. दुसरें रोहित्र येऊन बसेपर्यंत दोन आठवडे गेले, आणि ज्यांनीं कपॅसिटर कधीं हातींही धरला नव्हता त्यांचाही दाणा बारीक राहिला. ज्यानें चार तास अधिक पाणी घेतलें, त्यानेंही पुढें दोन आठवडे पाणी घालविलें. म्हणून आमचें मत असें कीं, कपॅसिटरवर शेतीपंप चालविणें ही कसरत नसून शेजाऱ्याचें पाणी तोडणेंच होय, आणि आपल्या संघाच्या सभासदांनीं तें पूर्णपणें बंद करावें.

यावर कांहीं सभासद रागानें विचारतील, "रात्रींच्या वीजेवर सापाविंचवांत पाणी आम्हीं धरावें, आणि उपदेशही आम्हीं ऐकावा काय ?" हा राग अनाठायीं नाहीं. दिवसा व पुऱ्या दाबानें थ्री फेज वीज मिळाली असती तर कपॅसिटर कोणीं विकतही घेतला नसता. जो दोष पुरवठ्याचा आहे तो पुरवठ्याच्या पदरीं बांधलाच पाहिजे. २०१७ सालीं सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतुच कृषिवाहिन्यांस दिवसा वीज देण्याचा आहे. ज्या गांवीं ती पोहोंचली नाहीं तेथील ग्रामसभेनें व संस्थेनें तिची मागणी लेखी व नेटानें केली पाहिजे. परंतु मागणी एकत्र करावयाची आणि रोहित्र मात्र एकेकट्यानें जाळावयाचें, हें दोन्ही एकाच तोंडानें शोभत नाहीं.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. विद्युत अधिनियम २००३ च्या १२६ व्या कलमाप्रमाणें, ज्या कामासाठीं वीज मंजूर झाली त्याहून निराळ्या कामासाठीं ती वापरणें हा अनधिकृत वापर ठरतो, व त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस एप्रिल २०२४ पासून पांच वर्षांकरितां वीजबिल माफ झालें आहे. त्यामुळें पंपाच्या पेटींतून तार ओढून वेल्डिंग व लेथ चालविण्याचा मोह वाढणें स्वाभाविक आहे. ही सवलत पिकाच्या पाण्यासाठीं आहे. तिचा गैरवापर दिसूं लागला तर उद्यां ती खऱ्या गरजवंताच्या हातून काढून घेण्यास आयतें निमित्त मिळेल. घरगुती जोडावर भाड्यानें दळण दळणें किंवा पैसे घेऊन लोकांचीं यंत्रें दुरुस्त करणें यासही हाच न्याय लागू आहे. त्याच अधिनियमाचें ४३ वें कलम मात्र शेतकऱ्याच्या बाजूचें आहे : रीतसर अर्ज करणाऱ्यास वीज देणें हें वितरण करणाऱ्या कंपनीचें कर्तव्य ठरविलें आहे. लाइन वाढवावी लागत असल्यास मुदत लांबते, पण कर्तव्य सुटत नाहीं. अर्जाची पोंच घ्यावी व ती जपून ठेवावी. तोंडी आश्वासनावर वर्षें घालवूं नयेत.

तर मग आमची सूचना काय ? ती दुहेरी आहे. वस्तीवर ज्यास स्वतःच्याच कामापुरतें एखादें यंत्र चालवावयाचें आहे, त्यानें तीन अश्वशक्तीची मर्यादा आपणहून घालून घ्यावी. त्याहून मोठी मोटार सिंगल फेजवर चढवूं नये. सिंगल फेजची मोटार किंवा व्हीएफडी पेटी यांपैकीं एक पसंत करावी. आपल्या वापराइतका मंजूर भार कार्यालयांत अर्ज करून वाढवून घ्यावा, घरांतील तार व अर्थिंग त्या मानानें बदलावें, आणि रोहित्राचा कोणता फेज हलका आहे तें लाइनमनास विचारून जोड त्यावर घ्यावा. संध्याकाळीं, जेव्हां प्रत्येक घरीं दिवा व शेगडी चालू असते, त्या वेळीं जड काम करूं नये.

आणि ज्यांस लेथ, वेल्डिंग, शेपिंग मशीन अशीं तीन-चार यंत्रें हवीं आहेत, त्यांनीं एकेकट्यानें हा पसारा मांडूं नये. गांवच्या सहकारी सोसायटीनें अगर दहा-वीस शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन गावठाणांत, गावठाणाच्या वाहिनीवर, औद्योगिक दराचा रीतसर थ्री फेज जोड घेऊन एक सामायिक कारखाना काढावा. एका माणसाचा लेथ वर्षांतून किती दिवस चालतो, हें ज्याचें त्यानेंच मनाशीं मोजून पाहावें. वीस घरीं वीस कन्व्हर्टर फिरत ठेवण्यांत जो पैसा व वीज जाईल, त्यांत एक चांगला कारखाना उभा राहील व गांवांतील एखाद्या होतकरू मुलास त्यांत वर्षभर काम मिळेल. आयटीआय शिकून बाहेर पडलेले टर्नर व फिटर प्रत्येक तालुक्यांत कामाच्या शोधांत आहेत. मळणीयंत्र व ट्रॅक्टर भाड्यानें एकमेकांस देण्याची संवय आपणांस झालीच आहे. लेथास निराळा न्याय कां असावा?

यंत्र ही चैन नव्हे, गरज आहे, हें आम्ही वर म्हटलेंच आहे. परंतु तार सर्वांची आहे. पाटाच्या पाण्यास पाळी असते आणि पाळी मोडणारा शिवारांत मान गमावतो, ही जाण आपल्या वाडवडिलांस होती. पाट डोळ्यांस दिसतो, तारेंतील प्रवाह दिसत नाहीं. म्हणून त्याची पाळी मोडली तरी चालतें, असें समजण्याची चूक आपल्या हातून होऊं नये. येत्या मासिक सभेंत प्रत्येक शाखेनें आपल्या गांवच्या रोहित्रांवरील असे जोड किती, हें मोजून सामायिक कारखान्याचा विचार कार्यक्रमपत्रिकेंत घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.